नाणी हाताळताना मोजे घालावेत

इस्त्रीवाल्याने परत दिलेल्या सुट्यांमध्ये एक नाणं ओळखीचं निघालं. ओळखीचं म्हणजे आपण सगळेच नाणी ओळखतो तसं नव्हे. परक्या गावच्या बसथांब्यावर शेजारचे काका दिसावेत, तेही अनवाणी, तशी ओळख. पाचाचं नाणं होतं, साधंच, कुठल्याशा पुलाला पन्नास वर्षं झाली म्हणून काढलेलं. त्याच्या कडेला, पुलाच्या डाव्या खांबाखाली, पांढऱ्या रंगात मुंगीच्या पावलाएवढा आकडा होता : २१२. तो त्याने भिंगाशिवाय वाचला, कारण तो आकडा रंगवला जात असताना तो स्वतः समोरच्या खुर्चीवर बसून हसत होता. "नाण्यांना गोंदवताय काय मास्तर?" असं म्हणाला होता. मास्तर म्हणजे चित्रकलेचे मास्तर, त्याच्या एकुलत्या एका छंदातले एकुलते एक दोस्त. त्यांनी चार केसांच्या कुंचल्याने आपल्या पाचशे चाळीस नाण्यांवर असे आकडे घातले होते, आणि मास्तर जाऊन आता चार महिने झाले होते. एवढ्या अवधीत दोनशे बारा नंबर मास्तरांच्या काचेच्या कपाटातून निघून इस्त्रीवाल्याच्या पत्र्याच्या डब्यात पोचला होता. मधला रस्ता कुणी सांगायची गरज नव्हती. मास्तरांचा मुलगा अत्यंत सज्जन होता. सकाळी घाईत असणार, रिक्षाला सुटे हवे असणार, आणि बाबांच्या कपाटात सुट्यांची काही ददात नव्हती. "काय झालं काचवाले?" इस्त्रीवाला म्हणाला, "चालत नाही का? द्या, बदलून देतो." "चालतं," तो म्हणाला. "तीच तर पंचाईत आहे." इस्त्रीवाल्याने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मग एका सदऱ्याच्या कॉलरकडे पाहिलं, कारण तिथे निदान काहीतरी करता येण्यासारखं होतं.

त्याला काचवाले म्हणायचे ते तो चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचा म्हणून. पुढे मालक गिऱ्हाइकांना चौकटी चढवून "वा, एकदम दहा वर्षं कमी!" असं प्रत्येकाला सांगायचा, आणि मागे तो पाण्याच्या बारीक धारेखाली, फिरत्या दगडावर, त्या लोकांची नजर चौकटीच्या मापाची करत बसायचा. चष्मा शेवटी कानामागे नीट बसवायला तेवढा मालक त्यालाच पुढे बोलवायचा. एकतीस वर्षं. बोटांच्या टोकांना काचेची इतकी सवय झाली होती की कधी कधी घरी पाण्याचा पेला धरला तरी त्याची बोटं कड शोधायची. त्या दिवशी दगडावर काच धरली आणि त्याला इस्पितळ दिसलं. स्वतःचंच. म्हणजे तो खाटेवर होता, नाकात नळी होती, आणि बाहेर व्हरांड्यात कॉफीचं यंत्र होतं, नाणं टाकलं की खोकल्यासारखा आवाज करून कॉफी देणारं. आलेल्या नातेवाइकांसाठी लेक यंत्रात नाणी टाकत होती. त्याच्याच कपाटातली. लेक मन लावून टाकत होती, रडून तिचे डोळे सुजले होते, आणि यंत्र त्याची चाळीस वर्षं एकेक करून गिळत होतं, मधूनच एखादं थुंकून परत देत होतं. त्या चित्रात गैर असं काहीही नव्हतं. कुणीही वाईट वागत नव्हतं. कॉफीसुद्धा बरी असावी. हेच त्याला सहन होईना, आणि त्या नादात एका बाईंची डावी काच दोन मिलिमीटर जास्त घासली गेली. मालक आत येऊन म्हणाला, "काचवाले, आज कुठे आहात?" तर तो "इस्पितळात," असं म्हणून गेला, आणि मालकाने घाबरून त्याला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली.

घरी आला तर बायको छोट्या खोलीत कपाटाला वितीने मापत होती. भिंतीला गाल लावून, डोळे बारीक करून, आंगठा–करंगळी, आंगठा–करंगळी. "साडेअकरा वीत," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "गादी दहा वीत. तुम्हीच सांगा आता." सांगण्यासारखं काही नव्हतं, गणित उघड होतं. तीन आठवड्यांपूर्वी लेक दोन मुलं, चार बॅगा आणि एक टेबलफॅन घेऊन आली होती. फॅन का, ते कुणी विचारलं नाही. नवऱ्याच्या घरून निघताना काय उचलायचं याचा काही नियम नसतो, हाताला लागेल ते माणूस उचलतं. काय झालं, तेही कुणी विचारलं नाही. त्याने तर नाहीच नाही. त्याने फक्त पहिल्या संध्याकाळी फॅनचा प्लग बदलून दिला, दुसऱ्या संध्याकाळी पात्यांची जाळी पुसून दिली, आणि तिसऱ्या संध्याकाळी फॅनला आणखी काहीच करण्यासारखं उरलं नाही तेव्हा तो जरा कासावीस झाला. तिघं बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या आजूबाजूला झोपत होती, धाकटा तर अर्धा सोफ्याखाली, गाडीखाली गेलेल्या मेकॅनिकसारखा. आणि छोट्या खोलीत कपाट ऐसपैस उभं होतं. त्या कपाटाला स्वतःची खोली होती. घरातल्या दुसऱ्या कुणालाच नव्हती.

"नाण्यांचा तो व्यापारी आहे ना, चौकातला," बायको म्हणाली, "त्याला मी सोमवारी बोलावलंय. सगळं एकदम नेईन म्हणाला. कपाटासकट." तिने हे भाजी निवडताना सांगतात त्या आवाजात सांगितलं, पण सांगताना पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं, म्हणजे तिलाही ते सोपं गेलं नव्हतं. "रविवार मधे आहे," तो म्हणाला. "रविवार दर आठवड्यालाच मधे असतो." "रविवारी पोरांना बोलावतो. आपली दोन आणि भाच्याची जुळी. नाणी दाखवतो. एकाला तरी गोडी लागली तर?" बायकोने त्याच्याकडे नीट पाहिलं. चाळीस वर्षांत तिने त्याला कार्यक्रम ठरवताना कधी पाहिलं नव्हतं. लग्नाची तारीखसुद्धा त्याने "तुम्ही म्हणाल ती" अशी ठरवली होती. "खरोखरीची गोडी पाहिजे," ती शेवटी म्हणाली. "आजोबांना वाईट वाटेल म्हणून लागलेली नव्हे. तसं एक जरी माणूस तुम्ही या घरात दाखवलंत ना, तर मी व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवीन, आणि आपण सगळे उभ्याने झोपू."

मग आठवडाभर त्याने योजना आखली. नजर तपासायच्या जुन्या कार्डांच्या पाठकोऱ्या बाजूवर तो लिहायचा. पहिल्या कार्डावर त्याने लिहिलं : 'उद्देश – मुलांमध्ये नाणेसंग्रहाची गोडी निर्माण करणे.' आयुष्यात त्याने कशाचाच उद्देश लिहिला नव्हता. लिहिल्यावर तो दोन दिवस त्याच्याकडे पाहत राहिला आणि त्याला सारखं वाटत राहिलं, की हे आपल्याला कुणीतरी पकडून लिहायला लावलंय. दुसऱ्या कार्डावर वेळापत्रक होतं. दहा ते दहा-पाच स्वागत. ("स्वागत?" बायको म्हणाली. "दोघं घरातच राहतात. सोफ्याखालून बाहेर काढलं की झालं स्वागत.") दहा-पाच ते दहा-वीस, 'नाणे म्हणजे काय?' ("म्हणजे काय, सांगा की मला." त्याला सांगता आलं नाही. तेवढं कार्ड त्याने बदललं.) मग भिंगातून निरीक्षण, मग प्रश्नोत्तरं, मग सव्वाअकराला बिस्किटं. प्रश्नोत्तरांसाठी त्याने प्रश्न लिहिले आणि उत्तरंही लिहिली, आणि मुलांनी प्रश्न विचारलेच नाहीत तर काय, या भीतीने शेवटी एका कार्डावर नुसतं 'शांतता' असं लिहून त्यालाही पाच मिनिटं दिली. सगळ्यात मोठा घोळ हातमोज्यांचा झाला. बोटांच्या घामाने नाण्यांवर डाग पडतात, सुती हातमोजे पाहिजेतच. पण दुकानात होते ते वाहतूक पोलिसांच्या मापाचे. त्याने एक जोड धाकट्याच्या हातात घालून पाहिला तर धाकटा कोपरापर्यंत आत गेला आणि त्याने लगेच घरातली वाहतूक अडवली. शेवटी बायकोने चार जोड पांढरे पायमोजे आणून टेबलावर टाकले. "घ्या. मोज्याला काय माहीत, आत हात आहे का पाय." त्याने मग जाड पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत सूचना लिहून खोलीच्या दारावर लावली, आणि ती वाचून लेक तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली. अगदी एवढंसं. नाकातून.

पण आतून त्याला धड वाटत नव्हतं. गोडी अशी लावता येते का? त्याला स्वतःला कुणी लावली नव्हती. तो आठ वर्षांचा होता, दवाखान्याच्या बाकावर बसला होता, आत आईला तपासत होते आणि दार लावून घेतलं होतं. "हे धर, हलू नकोस" असं म्हणून आईने त्याच्या हातात एक नाणं दिलं होतं. का, ते तिलाही ठाऊक नसावं. काहीतरी द्यायचं म्हणून. ते त्याने इतक्या जोरात आवळून धरलं की बऱ्याच वेळाने मूठ उघडली तेव्हा तळहातावर नाण्यातला पक्षी उमटला होता, उलटा, लाल, चोचीसकट. आणि मग बघता बघता तो पुसट होत गेला. आधी चोच गेली, मग पंख, मग नुसता गोल उरला, मग तोही गेला. त्याला अजून आठवतं, त्या वेळी तो नाण्याकडे पाहत नव्हताच. त्याला तो तळहातावरचा पक्षी ठेवून घ्यायचा होता. दार उघडून आई बाहेर आली, "चल" म्हणाली, आणि डॉक्टर काय म्हणाले ते त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही, आणि पुढच्या वर्षभरात जे व्हायचं ते झालं. त्या बाकाजवळ येऊन कुणी 'मुला, आता आपण भिंगातून निरीक्षण करू' असं म्हटलं असतं, तर तो त्याला चावला असता.

शनिवारी दुपारी त्याने ट्रे मांडले. त्याची नाणी बोटभर लांबीच्या खाकी पाकिटांत होती, एका पाकिटात एक, चारशे छत्तीस पाकिटं. आणि या पाकिटांची एक वेगळीच भानगड होती. बाकीचे संग्राहक पाकिटावर लिहितात : साल, धातू, वजन, टांकसाळ. त्याचं म्हणणं असं, की साल नाण्यावर लिहिलेलंच असतं, धातू दिसतो, वजन हाताला कळतं. जे नाण्यावर आहे ते पुन्हा पाकिटावर कशाला? मग पाकिटावर तो ते नाणं मिळालं त्या दिवसाचं लिहायचा. एक ओळ, फार तर दोन. मास्तरांनी एकदा चष्मा कपाळावर चढवून एक पाकीट वाचलं होतं, 'कचेरीबाहेर. ऊन. चप्पल तुटली', आणि विचारलं होतं, "हे नाण्याचं वर्णन आहे का तुमचं?" त्याने सांगितलं होतं, वर्णन कशाला, कुठल्या पाकिटात कुठलं आहे ते मला पाठ आहे. "आणि तुम्ही गेल्यावर?" मास्तर म्हणाले होते. त्यावर दोघंही हसले होते, कारण तेव्हा त्यांच्यापैकी कुणीच जाणार नव्हतं. त्यानंतर त्याने ती पाकिटं कुणाला वाचू दिली नाहीत. कुणी मागितलीही नाहीत. बायकोच्या मते पाकिटांवर आकडेच असणार, आणि आकडे वाचायची तिला कधी हौस नव्हती.

रविवारी दहा वाजता भाचा जुळ्यांना दारात सोडून, "मामा, एक वाजता नेतो, तोवर जिवंत राहा," असं सांगून गेला. जुळ्या मुली होत्या, अकरा वर्षांच्या, आणि दोघींच्या चेहऱ्यावर लसीकरणाला आणल्याचा भाव होता. त्याची नात नऊ वर्षांची, अबोल, कपाळावर आठी घेऊनच जन्मलेली. धाकटा नातू सहा वर्षांचा. चौघांनी हातांत मोजे चढवले आणि त्या क्षणी कार्यक्रम त्याच्या हातून गेला. हाताला मोजा चढला की आंगठा खालचा जबडा होतो आणि चार बोटं वरचा, हे मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. 'दहा-पाच'ला तो "मुलांनो, नाणं हे इतिहासाचं..." असं म्हणत होता तेव्हा आठ मोजे त्याच्याकडे तोंड करून बसले होते. "इतिहासाचं काय?" धाकट्याच्या उजव्या मोज्याने घोगऱ्या आवाजात विचारलं. "गप रे," डाव्या मोज्याने दटावलं, "काका बोलतायत ना!" "काका नाहीत, आजोबा आहेत." "मग तू का बोलतोस, तू तर पाय आहेस." जुळ्या खिदळल्या. मोज्यांनी नाणी चावून पाहिली. एका मोज्याचा दात पडला. भिंगातून निरीक्षण झालं ते धाकट्याच्या नाकपुडीचं, आणि त्याबद्दल मात्र चौघांनाही मनापासून कुतूहल होतं. "आजोबा, हे विकलं तर किती येतील?" एका जुळीने विचारलं, आणि त्याने खरं उत्तर दिल्यावर दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि तो प्रश्न कायमचा मिटवला. नात तेवढी गप्प होती. तिने मोजे गुडघ्यांवर ठेवले होते आणि ती ट्रेकडे पाहत होती, पण नाण्यांकडे पाहत होती असं म्हणवेना. अकराला दहा कमी असताना तो 'शांतता' या कार्डापाशी आला आणि एवढा एकच भाग होणार नाही हे त्याला कळून चुकलं.

"अहो, बिस्किटं?" बायको दारातून म्हणाली. बिस्किटं आणायचं राहिलं होतं. ती कार्डावर होती पण घरात नव्हती. "मी आणून देणार नाही हं, तुमचा कार्यक्रम आहे." तो जिना उतरला. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाताना त्याला एकदम हलकं वाटलं, परीक्षेचा पेपर कोरा देऊन बाहेर पडल्यावर वाटतं तसं. उद्या व्यापारी येईल. खोली मोकळी होईल, तिघं नीट पाय पसरून झोपतील, ते योग्यच आहे. कपाट गेल्यावर भिंतीवर त्याच्या आकाराचा उजळ चौकोन राहील. मग त्यावर कॅलेंडर लावू. हे ठरवताना तो तासभर फिरला आणि दुकानासमोरून दोनदा पुढे गेला. दुकानदाराने विचारलं, क्रीमची का साधी, आणि त्याच्या मनात आलं, हे पाकिटावर लिहिण्यासारखं आहे : 'क्रीमची का साधी विचारलं. रडू येतंय.' तो म्हणाला, "साधी." परत येताना जिन्यातच त्याच्या कानाला काहीतरी वेगळं जाणवलं. घरातून आवाज येत नव्हता. चार मुलं, आठ मोजे, आणि आवाज नाही. गुंग झाली! शेवटच्या सहा पायऱ्या तो अक्षरशः धावत चढला.

गुंग झालीच होती. कपडे भिजवायची निळी बादली खोलीच्या मधोमध होती आणि तिच्यात चारशे छत्तीस नाणी एकत्र पडली होती, तळाशी दोन बोटं जाडीच्या थरात. बादलीला टेकून जुळ्या बसल्या होत्या. आणि जमिनीवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, रिकामी पाकिटं रांगांनी लावलेली होती. मधे नात उकिडवी बसली होती, मोज्यातले हात पाठीमागे बांधून, पाहणीला आलेल्या साहेबासारखी. "काढायला ह्यांना मी सांगितलं," ती म्हणाली. "पाकिटं वाचताना नाणी मधे मधे येत होती." त्याच्या हातातली बिस्किटं सुटली नाहीत, एवढंच. त्याची नजर पाकिटांवरून बादलीकडे आणि बादलीवरून पाकिटांकडे जात होती, आणि मधे, दोन्हींना जोडणारं जे काही चाळीस वर्षं होतं, ते नव्हतं. पाकिटावर नाण्याबद्दल अक्षर नव्हतं. नाण्यावर दिवसाबद्दल अक्षर नव्हतं. "ही दुकानाची रांग," नात बोट न दाखवता मोजा दाखवत म्हणाली. "ही मास्तरांची. ही आजारपणाची. आणि ही आजीची, ही सगळ्यांत लांब आहे, ती दाराबाहेर गेलीय." तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की दाराबाहेर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बायको पाटावर बसली होती आणि तिच्या हातात पाकीट होतं. तिने त्याच्याकडे न बघता वाचलं, सावकाश, चष्मा नसल्यामुळे पाकीट लांब धरून : "'बायको माहेरी. घर मोठं वाटतं. तिसरा दिवस, फारच मोठं वाटतं.'" मग म्हणाली, "मी आले तेव्हा तुम्ही काय म्हणालात माहितीये? दूध नासलंय म्हणालात." "नासलं होतं," तो म्हणाला. तिने पुढचं पाकीट उचललं.

"आणि ही आईची," नात म्हणाली. "आईची छोटी आहे, पण ह्यातलं एक मला कळलं नाही." लेक खोलीच्या दुसऱ्या दारात उभी होती, वाळलेले कपडे दोन्ही हातांत धरून. ती केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक. नातीने पाकीट उचललं आणि वाचलं, शाळेत धडा वाचतात तसं, विरामचिन्हांसकट थांबत. "'लेकीचं लग्न. मुलगा हसतो तेव्हा डोळे हसत नाहीत. बोललो नाही.' हा कुठला मुलगा, आजोबा?"

त्याला तो दिवस दिसत होता. नोंदणी कचेरीच्या पायऱ्या, लेकीचा हिरवा पोशाख, आणि समोर तो मुलगा, ज्याच्या चष्म्याची चौकट त्यानेच आठ दिवसांपूर्वी कानामागे बसवून दिली होती. माणसाचा चेहरा तो वीतभर अंतरावरून बघायचा, रोज, दगडावरची काच बघावी तसा. त्या दोन डोळ्यांमधलं अंतर त्याला मिलिमीटरमध्ये माहीत होतं. तेव्हाच दिसलं होतं. आणि मग लेकीने लांबून हात हलवला होता, इतका, की बांगड्या कोपरापर्यंत गेल्या, आणि त्याने खिशात हात घालून नुकतंच मिळालेलं कुठलंसं नाणं घट्ट धरलं होतं. "बोललो नाही म्हणजे काय?" धाकट्याच्या उजव्या मोज्याने घोगऱ्या आवाजात विचारलं. कुणी हसलं नाही. मोज्याने जबडा मिटला.

"हे कधी लिहिलंत बाबा?" लेक म्हणाली. "त्याच दिवशी. संध्याकाळी." "आणि मला सांगायला काय झालं होतं?" "तू खुशीत होतीस." "म्हणून पाकिटाला सांगितलंत." ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं, ओरडण्याच्या पलीकडे लपता येतं. तिने कपडे सोफ्यावर ठेवले, आत आली, रांगा न तुडवता, एकेक पाऊल मधल्या फटीत टाकत, आणि नातीच्या हातातून पाकीट घेऊन स्वतः वाचलं. मग उलटून पाहिलं, मागे काही आहे का. नव्हतं. "मी बारा वर्षं समजत होते," ती म्हणाली, "की हे फक्त मला दिसतंय. की माझ्याच डोळ्यांत काहीतरी आहे." बायकोने उंबऱ्यावरून "अगं..." म्हटलं. तो उभा होता. त्याच्याकडे बिस्किटांचे दोन पुडे होते. कुठल्याही कार्डावर हे नव्हतं. सांगण्यासारखं त्याच्याकडे खूप काही होतं आणि ते सगळं एका ओळीचं होतं, फार तर दोन.

"ह्यात कुठलं नाणं होतं?" लेकीने विचारलं.

हे तरी सांगता आलं पाहिजे. सगळं पाठ आहे असं तो चाळीस वर्षं सांगत आला होता. तो बादलीशी बसला, हात घातला, मोजा न घालता, आणि नाणी गार होती, वाळूसारखी बोटांमधून सरकत होती, आणि एकही त्याला ओळख देईना. इतक्या वर्षांत त्याने दिवस पाठ केले होते. नाणी पाठ आहेत हा नुसता समज होता. जुळ्या बघत होत्या. नात बघत होती. त्याने एक नाणं उचललं, जरा मळकं, खिशात खूप वेळ धरल्यासारखं दिसणारं, आणि लेकीच्या पुढे केलं. "हे," तो म्हणाला.

लेकीने ते घेतलं. नुसतं घेतलं नाही, कडेने धरलं, दोन बोटांत, आणि खिडकीकडे वळून उजेडात तिरकं केलं, मग आणखी तिरकं. एवढं बारीक ती लहानपणी सुईत दोरा ओवताना बघायची. "बाबा," ती म्हणाली, "हे लग्नानंतर तीन वर्षांनी निघालंय."

"मला आठवत नाही," तो म्हणाला. "कुठलं ते मला खरंच आठवत नाही." हे वाक्य बाहेर पडल्यावर घर कोसळायला हवं होतं, पण धाकट्याने बिस्किटाचा पुडा त्याच्या काखेतून हळूच ओढून घेतला, तेवढंच झालं. मग लेक खाली बसली, नातीच्या हातातला एक मोजा ओढून तिने स्वतःच्या हातात चढवला आणि बादलीत हात घातला. "लग्नाच्या सालचं किंवा त्याच्या आधीचं, असं असेल तेवढंच ह्या बाजूला ठेवा," ती जुळ्यांना म्हणाली. "नंतरची सगळी तिकडे." "सगळी बघायची?" एका जुळीने विचारलं. "तुम्हीच ओतलीत ना?" आणि त्या कामाला लागल्या. उंबऱ्यावरून बायको म्हणाली, "पोरं अजून आखूड आहेत, कपाट ठेवूनही ह्या खोलीत मावतील म्हणा. दोन वर्षांनी बघू," आणि व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवायला तिने त्याचा नंबर कुठे लिहून ठेवलाय तो शोधायला सुरुवात केली.

लेक एकेक नाणं उजेडात धरत होती, साल वाचत होती, टाकत होती. त्याच्याशी ती बोलत नव्हती. तिला लगेच बोलायचं नव्हतं आणि ते त्याला दिसत होतं, आणि तो तिच्या समोर जमिनीवर बसून होता, कारण उठून गेलो तर ते पुन्हा तसंच होईल असं त्याला वाटत होतं. एका नाण्यापाशी ती थांबली. "ह्या सालाखाली हा ठिपका कसला आहे?" "टांकसाळीची खूण," तो म्हणाला. "कुठल्या गावी पाडलं ते कळावं म्हणून. प्रत्येक गावाची वेगळी." तिने बाजूला ठेवलेली दोन-तीन परत उचलून पाहिली. "ह्याच्यावर पत्त्यातल्यासारखी चौकट आहे. ह्याच्यावर तर काहीच नाही." "एका गावची तशीच असतात. त्यांनी खूण कधी केलीच नाही." "का?"

त्याने विचार केला. याचं उत्तर पुस्तकात काही वेगळं असावं.

"त्यांना वाटलं असेल," तो म्हणाला, "की आपोआप कळेल."

"नाही कळत," लेक म्हणाली, आणि तिने मोज्यातला हात पुन्हा बादलीत घातला.